नदीखालचं गाव

गावाचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांना ते सहज सापडेल. सॅन फ्रान्सिस्कोहून सॅक्रमेंटोकडे जाताना नदीला फाटे फुटतात, त्या डेल्टात चिनी लोकांनी स्वतःसाठी वसवलेलं आणि आता जसंच्या तसं जपून ठेवलेलं ते बाजाराचं गाव आहे. पण तिथे एक म्हातारी राहते आणि तिचं दार कुणी शोधत जावं असं मला वाटत नाही.

आम्ही ट्रॉयचे, म्हणजे मिशिगनमधल्या ट्रॉयचे. सत्तेचाळीस वर्षं झाली. माधव गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघंही रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आणि गेल्या दोन वर्षांत माधवच्या डोक्यातलं एकेक नाव, एकेक रस्ता पुसला जायला लागला. ऑगस्टमध्ये आम्ही फ्रीमाँटला लेकीकडे गेलो तेव्हा केतकीने सगळं ठरवूनच ठेवलं होतं. तिच्या घरापासून वीस मिनिटांवर अशा माणसांसाठी एक जागा आहे. मागे बाग, आत पियानो, आणि बाहेरच्या दाराला कोड, म्हणजे आतला माणूस बाहेर पडू शकत नाही.

मी म्हटलं, माधव ट्रॉयला त्याच्या स्वतःच्या घरात राहील आणि मी त्याला बघेन. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी केतकी म्हणाली, "ओके आई. तीन दिवस. तू आणि बाबा, ओन्ली. एकदाही हरवले नाहीत, तर मी हा टॉपिक परत काढणार नाही. हरवले, तर तू माझं ऐकायचंस. थर्ड डेला चार वाजता मी फोन करीन आणि तू खरं सांगायचंस."

मी अट मान्य केली. माधवला यातलं काही सांगितलं नाही. आणि मुद्दाम एकच रस्ता असलेलं गाव निवडलं. एका रस्त्याच्या गावात माणूस हरवून हरवणार कुठे, असा माझा हिशेब होता.

पहिला दिवस : पाणी वर, झाडं खाली

निघताना केतकीने तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि बाबांच्या खिशात ठेवायला एक कार्ड दिलं. त्यावर त्याचं नाव आणि तिचा नंबर. पहिल्याच गॅस स्टेशनवर मी ते त्याच्या खिशातून काढून माझ्या पर्समध्ये टाकलं. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो, नवऱ्याच्या खिशात नाही. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

हायवे सोडला की रस्ता बांधावर चढतो. एका हाताला नदी, अगदी काठोकाठ. दुसऱ्या हाताला पेअरच्या बागा, पण त्या वीस-पंचवीस फूट खाली. हे बांध चिनी मजुरांनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून घातले. बांधाआडची दलदल सुकली, सुकलेली जमीन वर्षानुवर्षं खचत गेली, आणि आता सगळा मुलूख नदीच्या पातळीखाली गेलाय. गाडी चालवताना खालच्या घरांची कौलं दिसतात आणि त्याच नजरेत, कौलांच्या वर, होडी सरकताना दिसते.

माधव कराडचा. दोन नद्यांच्या गावात वाढलेला माणूस. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, हे कुणीतरी उलटं ठेवलंय. मला हसू आलं. पण पुढचा अर्धा तास मी खालच्या बाजूला बघायचं टाळलं.

वाटेत एक उघडणारा पूल लागला. घंटा वाजली, फाटक पडलं, पुलाचा मधला भाग वर उचलला गेला आणि एक पांढरी बोट संथपणे आमच्यासमोरून गेली. डेकवर कुणी नव्हतं, काचेमागेही कुणी दिसलं नाही. आमच्या मागेपुढे एकही गाडी नव्हती. माधवने बोटीला हात केला आणि बोट वळणाआड जाईपर्यंत तो हात तसाच वर धरून ठेवला.

मुक्काम जवळच्या जरा मोठ्या गावातल्या लॉजवर होता. पुऱ्या खाल्ल्या आणि दाराला आतून खुर्ची लावून मी झोपले.

दुसरा दिवस : मांडून ठेवलेलं गाव

बांधावरून गाव दिसतच नाही. दिसते ती फक्त लाकडी घरांच्या वरच्या मजल्यांची एक ओळ, रंग उडालेली. दार रस्त्याला लागून आहे, म्हणून तुम्ही आत शिरता. पण तुम्ही असता वरच्या मजल्यावर. मग मागचा अरुंद जिना उतरायचा, की खाली दुसऱ्याच रस्त्यावर बाहेर. तोच गावचा मुख्य बाजार, बांधाच्या पोटाशी लपलेला. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या रस्त्यावर इतक्या झुकल्यात की समोरासमोरच्या माणसांना हातात हात देता येईल. माणसं मात्र नाहीत.

आम्हाला गाव दाखवलं केन नावाच्या गृहस्थाने. याच गावात जन्मलेला, सत्तरीचा, रिटायर्ड शाळामास्तर. आता सॅक्रमेंटोत राहतो आणि आठवड्यातून काही दिवस इथे येऊन संग्रहालयाचं दार उघडतो. त्याने सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी. नदी हाच इथला जुना व्यापारी मार्ग. सॅन फ्रान्सिस्कोहून वाफेच्या बोटी तांदूळ, खारे मासे, कापड, औषधं घेऊन यायच्या आणि पेअर, अ‍ॅस्परॅगस घेऊन जायच्या. आजूबाजूच्या मळ्यांतले मजूर शनिवारी इथे लोटायचे. मासळीबाजार, न्हावी, जुगाराचा अड्डा, शाळा, सगळं होतं. फक्त पायाखालची जमीन त्यांची नव्हती, कारण कायद्याने चिनी माणसाला जमीन घेता येत नव्हती. घर आपलं, जमीन दुसऱ्याची. आम्ही व्हिसावर आलो तेव्हाची पहिली दहा वर्षं मला आठवली.

औषधाच्या दुकानात भिंतभर छोटे लाकडी खण आहेत. केनने एक उघडला. आत काही नव्हतं, पण वास आला, थेट पुण्याच्या काष्ठौषधीच्या दुकानातला. मजुरांच्या बोर्डिंग हाऊसमध्ये अरुंद खाटा, घड्या घातलेली पांघरुणं, खाटेखाली तसराळं, खुंटीला सदरा. सगळं इतकं नीटनेटकं की माणसं अंघोळीला गेलीत आणि आता येतील असं वाटावं. मी केनला विचारलं, या वस्तू कुणाच्या? तो म्हणाला, बऱ्याच जणांनी ट्रंका ठेवल्या आणि परत आलोच म्हणून गेले. हे म्हातारे एकटेच असायचे. बायकामुलं चीनमध्ये, आणणं शक्य नाही. मेल्यावर त्यांना इथे पुरायचे, काही वर्षांनी हाडं वर काढून स्वच्छ करून पेटीत भरायचे आणि बोटीने गावी पाठवायचे. ज्यांची हाडं गेली नाहीत ते अजून जेवायला इथेच येतात, असं माझी आई म्हणते, असं केन सहज बोलून गेला. त्याची आई चौऱ्याण्णव वर्षांची. सगळं गाव उठून गेलं तरी ती इथून हलली नाही.

मी एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात घालवली. हाडांचं मला काही वाटत नाही. पण त्या खोलीतून निघताना माधव दारात थांबला आणि रिकाम्या खाटांना म्हणाला, "बराय, येतो." त्याचं मला वाटलं.

बाकी दिवस छान गेला. घरांमागे परसात वेलांवर कारली लटकली होती, आपल्यापेक्षा जाडी आणि गुळगुळीत. माधवने त्यांची चौकशी केली, टोपी काढून वारा घेतला, माझा हात एकदाही सोडला नाही. एक दिवस राहिला, असं मी मनाशी म्हणत होते.

तिसरा दिवस : वाढलेलं पान

सकाळी चहा पिताना माधव उत्साहाने म्हणाला, "आज ते चिनी गाव बघायचं ना?"

काल बघितलं, हे सांगायची माझी छाती झाली नाही. दुपारपर्यंत वेळ काढायचाच होता. म्हटलं, हो, चल.

पण गाव कालचं नव्हतं. काल बंद असलेली दोन-तीन दारं सताड उघडी होती. काही उंबऱ्यांवर संत्री रचलेली, वाळूच्या डब्यात उदबत्त्या पेटलेल्या, त्यांचा धूर सरळ वर जात होता. वाऱ्याचं नाव नाही. उदबत्त्या अर्ध्या जळल्या होत्या, म्हणजे त्या लावणारं कुणीतरी थोड्याच वेळापूर्वी तिथे होतं. तरी सबंध रस्त्यावर आमच्याच पावलांचा आवाज.

बोर्डिंग हाऊसमध्ये आम्ही वरच्या, बांधावरच्या दाराने शिरलो. माझ्या चष्म्यावर घाम आला म्हणून मी माधवचा हात सोडून चष्मा पुसला, घातला आणि वळले. माधव नव्हता.

दोन खाटा, चार खाटा, पलीकडची खोली. हाका मारल्या. लाकडी घरात हाक वेगळीच घुमते, आपल्याच आवाजात कुणी ओ दिल्यासारखी. मला पहिली भीती नदीची वाटली, म्हणून मी वरच्या रस्त्याकडे धावले. बांधाच्या कडेने एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. पाणी हिरवं, जाड, एक तरंग नाही. त्यात काही तरंगतंय का हे मी बघत होते, लॅबमध्ये काचपट्टी बघावी तशी, इंच इंच. खिशातलं कार्ड मी काढून घेतलं होतं. तो कुणाला सापडलाच असता, तरी तो कोण हे त्या माणसाला कळलं नसतं. माझी मलाच चीड आली आणि मग रडू आलं.

खालच्या जिन्याची आठवण फार उशिरा झाली. उतरले. परसातल्या कारल्याच्या वेलाला माधवची निळी टोपी अडकवलेली होती. तिथून चार पावलांवर एक उघडं दार. दाराबाहेर पुरुषी बुटांचे दोन जोड. एक माधवचा, आपण देवळाबाहेर ठेवतो तसा शेजारी शेजारी लावलेला. दुसरा जुना, धुळीने भरलेला, टाचा बाहेर आणि टोकं घराकडे. घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती.

आत टेबलावर चार बाजूंना चार पानं मांडली होती. भाताचे वाडगे, आख्खी उकडलेली कोंबडी, हिरव्या भाजीचा रस्सा, तीन छोटे पेले, संत्री. तीन जागा रिकाम्या. चौथ्या जागी माधव बसून भात कालवत होता, हाताने, पाची बोटांनी, घरी कालवतो तसा. त्याच्या मागे एक वाळकी, ताठ म्हातारी उभी राहून पंख्याने त्याला वारा घालत होती आणि अखंड काहीतरी सांगत होती, तिच्या भाषेत. माधव मान डोलवत मराठीत उत्तरं देत होता. यंदा पाऊस बरा झाला म्हणत होता. धाकट्याचं लग्न झालं म्हणत होता. धाकटा म्हणजे त्याचा भाऊ, त्याला जाऊन बारा वर्षं झाली.

रिकाम्या जागांसमोरच्या वाडग्यांपुढे जळणाऱ्या उदबत्तीच्या काड्या मी बघितल्या, आणि मला कळलं. आपल्याकडे पितरांना वाढतात, तेच हे. खीर-वडे नाहीत आणि आमसुलाची चटणी नाही, एवढाच फरक.

"माधव, ऊठ," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, अगत्य होतं. "बसा ना तुम्ही पण," तो म्हणाला. "वाढलेल्या पानावरून उठू नये, आमची आई रागावते."

सत्तेचाळीस वर्षांत त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

आतल्या खोलीतून केन आला. तो कालच्याहून थकलेला दिसत होता. हळू आवाजात, ओशाळून त्याने सांगितलं. हा महिना मेलेल्यांचा. आज आई दार उघडून वडिलांना हाक मारते, दर वर्षी. ती दारात उभी राहून, तळवा खाली करून, ये म्हणून हात हलवत होती. येणारे-जाणारे टुरिस्ट तो हात बघतात आणि आपल्याला हाकललं असं समजून निघून जातात. इथली माणसं तळवा वर करून बोलावतात. माझ्या नवऱ्याला मात्र तो हात बरोबर कळला. त्याने बूट काढले, हात धुतले आणि वडिलांच्या जागी येऊन बसला.

तुमच्या आईला हे तिचे यजमान वाटतायत का, मी विचारलं. केन म्हणाला, नाही, आई भानावर आहे, तिला पक्कं ठाऊक आहे. पण हाकेला जो आला आणि त्या जागी बसला, त्याला आज जेवू घालायचं. तो अर्धपोटी उठला तर वडील उपाशी जातात. तेवढं त्यांना जेवू द्या, प्लीज.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. पण जिवंत माणूस मेलेल्याच्या पानावर जेवतोय, ती बाई त्याला वारा घालतेय, आणि तो मला ओळखत नाही, असं डोळ्यांसमोर बघितल्यावर ते सांगणं टिकलं नाही. त्याला तिथून ओढून न्यावं, तर तो उठणार नाही. ठेवावं, तर ते पान त्याचं होणार. मला एकच सुचलं. लग्न झाल्यावर सासूबाईंनी मला नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायला सांगितलं होतं. मी साफ नाही म्हटलं होतं, आणि घरात पंधरा दिवस अबोला चालला होता. आता मी खुर्ची ओढली, माधवच्या शेजारी बसले, त्याच्या वाडग्यात हात घातला आणि त्याने कालवलेला भात खाल्ला. आळणी, कोमट, आल्याच्या वासाचा. ते पान त्याच्या एकट्याचं राहू द्यायचं नव्हतं, एवढंच माझ्या मनात होतं.

म्हातारीचा पंखा थांबला. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग पुन्हा वारा घालायला लागली, या खेपेला दोघांना. आम्ही वाडगा संपवला. माधवने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही माझा हात बाजूला सारला नाही.

मग ती आम्हाला दारापर्यंत घेऊन आली. माधव बूट घालेपर्यंत थांबली. आणि अचानक तिचा आवाज बदलला, कडक झाला. केनने तिच्यामागोमाग तिचे शब्द इंग्रजीत सांगितले. "जेवलास. आता जा. तुझं घर इथे नाही. मागे वळून बघू नकोस."

आमच्या घरची ही पद्धत आहे, केन म्हणाला. नीट निरोप दिला नाही तर ती माणसं घुटमळतात.

माधव चालायला लागला. गेल्या वर्षभरात ज्या माणसाला अंघोळीला चल म्हणून दहादा सांगावं लागतं, तो सरळ, ताठ, एका लयीत चालत निघाला. मी टोपी वेलावरून काढून मागे धावले. हाक मारली, तो वळला नाही. जिन्याने बांधावर चढला, आमच्या गाडीजवळून गेला, गाडीकडे पाहिलं नाही. नदीच्या कडेला, जिथे गवत संपतं तिथे थांबला. मी मागून त्याचा सदरा धरला.

"हाका मारत होते मी," मी म्हणाले.

"मागे बघायचं नाही म्हणाल्या ना त्या," माधव म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तू मागे होतीस, मला माहीत होतं."

त्याने मला 'तू' म्हटलं होतं. मी त्याचा हात धरून त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला, एसी लावला. चार वाजेपर्यंत मी गाडी तिथून हलवली नाही. खाली गावात धूर अजून सरळ वर जात होता.

बरोबर चार वाजता फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर केतकीचा आवाज आला, "हाय आई. सो? सगळं नीट झालं?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. सगळं मस्त झालं, बाबा क्षणभरही नजरेआड गेले नाहीत. कुणाला कळणार होतं? केन तिला ओळखत नव्हता, म्हातारी तर नाहीच. मी श्वास घेतला.

"सांग तिला," माधव म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर, काचेतून रस्त्याकडे बघत होता.

"काय सांगू?"

"हरवलो होतो म्हणून. त्याचसाठी आलो ना आपण."

केतकीने ते ऐकलं होतं. मला नाही म्हणायचं होतं, ओरडायचं होतं, तुला कुणी सांगितलं हे विचारायचं होतं. माझ्या तोंडून फक्त हो निघालं. हो केतकी, हरवले होते.

"ओह, आई," ती म्हणाली. मग हळूच, "किती वेळ?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारून उत्तर आलं. "चाळीस मिनिटं."

माधवने हातात घड्याळ घालणं जानेवारीतच सोडलंय. आणि तो आकडा मी त्याला सांगितला नव्हता.